दीपाची प्लेट

१२ एप्रिल, शनिवार

दीपाचं माप वाळलं! माझ्यामुळे.

तारेचे डॉक्टर आमच्या दिग्रसच्या दवाखान्यात दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी यवतमाळहून येतात. आज सरांनी दीपाच्या दातांची दोन वर्षांची तार काढली, दात परत सरकू नयेत म्हणून प्लेट करायला माप घेतलं, म्हणजे ओल्या लगद्यात दातांचा ठसा, आणि गाडीत बसले. ते माप पंधरा मिनिटांत प्लास्टरनं भरायचं असतं, नाहीतर आकसतं. हे मीच नव्या पोरींना शिकवते! आणि केलं काय? उकंडाभाऊंचा व्हिडिओ कॉल आला, मी बसले प्लेटला लागते ती तार वाकवायला शिकत. यवतमाळच्या लॅबमध्ये आमच्या प्लेटा तेच बनवतात, वीस वर्षांचा हात आहे. मला हौसेनं शिकवतात. "जोर नको लावू वो बाई, तार आपोआप वयते." वळली एकदाची. पाहते तर तास उलटून गेलेला, आणि या उन्हात माप कडांनी वाळलेलं. दीपा केव्हाच बोरी अरबला निघून गेलेली.

पाण्यात बुडवलं, भरलं. कापसात गुंडाळून मिठाईच्या डब्यात घातलं, एसटीनं लॅबला पाठवूनही दिलं. कुणाला बोलले नाही.

बसेल प्लेट. बसेलच.

१५ एप्रिल

तीन वर्षं झाली इथं. नंबर लावा, थुंकी ओढायची नळी धरा, मापं भरा, हत्यारं धुवा. पुढे काय? प्लेटा बनवायच्या कोर्सला सायन्स लागतं आणि मी बारावी आर्ट्स. शिकायचं तर लॅबमध्येच, हातानं. लॅबचे मालक लखीरामभाऊ — त्यांना पुन्हा फोन केला. "जागा कुठं आहे वो उर्वशी? दोन माणसं, दोन टेबलं. कोणी गेलं तं पाहू."

कोण जातंय! मी इथंच म्हातारी होणार.

२६ एप्रिल, शनिवार

नाही बसली. दीपाच्या तोंडात प्लेट डुगडुगते. पुढच्या दातांत बारीक फटही दिसायला लागली. तिची आई, सत्यशीलाताई, सरांना म्हणाली, "दोन वर्षं माह्या लेकरानं भुट्टा खाल्ला नाही डॉक्टरसाहेब. आता हे काय?" सरांचं तोंड उतरलं. तिथंच स्पीकरवर लखीरामभाऊंना झापलं — "माप व्यवस्थित होतं. तार वाकवणाऱ्याला डोळे आहेत का?"

मी ट्रे धरून शेजारी उभी. बरं तोंडावर मास्क होता! एकच वाक्य बोलायचं होतं. पण सर मला काढतील, लॅबमध्ये कळेल, मग तिकडची आशाही संपली. लाज वाटते आहे.

नवीन माप मात्र सरांच्या हातातून घेतलं आणि तिथल्या तिथं भरलं.

२७ एप्रिल

जेवण गेलं नाही. आई — "काहून अशी करून राह्यली?" काही नाही म्हटलं.

३० एप्रिल

उकंडाभाऊंना तीनदा फोन केला. निदान त्यांना तरी सांगून टाकावं, ते समजून घेतील. उचलत नाहीत. लग्नसराई आहे, गावाकडे गेले असतील.

१० मे, शनिवार

नवी प्लेट बसली! दीपा आरशात पाहून हसली. सर म्हणाले, फट भरून येईल. झालं तर! कुणाचं काही बिघडलं नाही. तरी दिवसभर उगाच सगळ्यांवर खेकसत होते.

१९ मे

लखीरामभाऊंचा फोन! स्वतःहून! "जागा झाली. जूनपासून ये." मी दवाखान्याच्या जिन्यात ओरडलेच. सरांनी फोनवर थोडी कुरकुर केली, मग जा म्हणाले. आईनं बॅग काढून उन्हात टाकली आहे, आणि पोरीला यवतमाळला खोली कशी मिळेल म्हणून आत्तापासून डोकं खाते आहे.

उकंडाभाऊंना मेसेज टाकला — आता समोर बसून शिकवा! अजून पोचला नाही. पहिल्याच दिवशी त्यांना सगळं सांगायचं, ठरलं माझं.

२ जून, यवतमाळ

लखीरामभाऊंनी खिडकीजवळचं टेबल दिलं. दिवा, पक्कड, तारेची गुंडाळी, सगळं लावलेलं. मी विचारलं, उकंडाभाऊ कुठं बसतात?

"इथंच बसे. काढला त्याले. दिग्रसची ते प्लेट बिघडवली ना त्यानं. कबूलबी नाही केलं. म्हणे, मापच वाळेल होतं. माप तं तूच भरलं होतं नं वो? वाळेल होतं काय?"

मी म्हटलं, नाही.