पेरूची चिठ्ठी

बाबा, आज नातीच्या पुस्तकात 'पेरू' हा शब्द दिसला आणि माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांनी फिरावं असं त्यात काही नाही, पण फिरलं.

वाशीमच्या डाकबंगल्यावर तुम्ही साहेबांचे खानसामे. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, म्हणून कारकुनाच्या चिठ्ठ्या मी वाचायची. चौथीत होते, मोठेपणी मास्तरीण होणार असं सगळ्यांना सांगत फिरायची. ती चिठ्ठी चुलीपाशी बसून वाचली: 'नाताळच्या मोठ्या दिवसाला पेरू भाजायचा आहे. बंगल्यातली भट्टी पडली आहे, म्हणून घरीच भाजणे. मोठे भांडे आताच पाहून ठेवणे.' पेरूच्या फळाला आपल्याकडे सगळे जांब म्हणतात, पेरू हा शब्द मला शाळेच्या पुस्तकातला ठाऊक. मी विचारलं, "बाबा, जांब कोनी भाजते काय?" तुम्ही पोट धरून हसलात. "अवं येडे, पेरू म्हनजे मोरावानी मोठा इलायती कोंबडा. आमा खानसाम्यायची बोली हाय ते." मग त्या टर्कीच्या पोटात मसाला कसा भरायचा, तंगड्या सुतळीनं कशा बांधायच्या, सांगत बसलात. इतकं तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात.

माय म्हणाली, "मोहल्ल्यातून लग्नाची डेग मागून आना. आपल्या गंजात थो मावनार नाही." तुम्हाला ते कमीपणाचं वाटलं. "साहेबाचं पाखरू मी मागून आनलेल्या भांड्यात कायले भाजू?" पाखरू आलं आणि घरचा गंज, ते रोजचं पातेलं, तोकडा पडला. तंगड्या बाहेर, झाकण बसत नाही, झाकणावरचे निखारे एका बाजूला घसरताहेत आणि तुम्ही चिमट्यानं ते परत वर ठेवताय, हे मला अजून दिसतं. वरून कोळसा झाला, मांडीशी कच्चं राहिलं.

कारकून आपल्या दारात आला. "भांडं पाहून ठेवा म्हणून आठ दिवस आधी लिहिलं होतं ना?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "पोरीनं मले जांब सांगतलं, सायेब. पाखरू येनार हाय हे मले काय मालूम?" मी तुमच्याकडे पाहत राहिले. तुम्ही पाहिलं नाहीत. "मग हिला शाळेत घालून उपयोग काय?" असं तो म्हणाला आणि तुम्ही मान हलवलीत. नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी माझी पाटी धाकट्या भावाकडे गेली. आपलं खोटं खरं दिसावं म्हणून तुम्ही मला शाळेतून काढलंत. पोटासाठी केलंत हे कळतं मला, पण माफ करता येत नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? तुम्हाला वाचून दाखवायला पुन्हा मीच लागणार. त्यानंतरही चिठ्ठ्या मीच वाचायची, भाऊ लहान होता. पुढच्या हिवाळ्यात अकोल्याहून एक आली. बदलून गेलेल्या साहेबांनी तुम्हाला तिकडे कायमचं बोलावलं होतं, वाढीव पगारावर, राहायला खोली देऊन. मी वाचून दाखवलं की साहेब विलायतेला निघून गेले.

तुम्ही विचारलंत, "नीट वाचलं ना?"

मी म्हटलं, "हो."