नाक न मुरडण्याचे सात दिवस

रविवार, ता. ३

घाण! पहिलाच घास घाण.

भल्यामोठ्या पांढऱ्या ताटात एक शिंपला, शिंपल्यात फेस. साबणाचा असतो तस्साच. फेसाखाली काय दडलंय ते शोधायला चिमटा दिला होता — जेवायला चिमटा! वाढपी हातमोजे घालून कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "समुद्राची आठवण, साहेब." मी म्हटलं, "बाबा रे, आठवणींनी पोट भरत असतं तर मी घरीच बसलो असतो. माझ्याकडे ढीगभर आहेत."

शेवटी विमानतळावर लेकीला दिलेलं वचन मोडलंच. "बाबा, सात दिवस नाक मुरडायचं नाही. आईला सुखानं खाऊ द्या. शपथ घ्या." घेतली. पासपोर्टवर हात ठेवून घेतली. पण वहीत मुरडलेलं धरायचं नाही, असं मी आताच ठरवलं आहे.

पस्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, हिला कुठे म्हणून नेलं नाही. आता हिनंच कुठल्याशा मासिकात जाहिरात पाहून हट्ट धरला. 'खाद्य आणि संस्कृती — सात दिवस, शाही थाट.' देवदर्शनाला चल म्हटलं, नको. थंड हवेच्या ठिकाणी? नको. इथेच! जिथे घाम पुसलेला रुमालही घाम गाळतो. जन्मात हिनं माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. पहिलं शिलाईचं मशीन. दुसरं हे. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

"कसं लागतंय?" हिनं फेस खाता खाता विचारलं.

"साबणासारखं."

"कुठल्या साबणासारखं? अंगाच्या की कपड्याच्या? नीट सांगा ना. एवढे कवितावाले तुम्ही!"

चेष्टा करते म्हातारी.

सोमवार, ता. ४

पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले. त्यांना उठवायचा धीर होईना, म्हणून रात्रभर दोघंही कडेला अंग चोरून निजलो. सकाळी झाडणारी बाई म्हणाली, "अहो, ते मोडायचेच असतात!" मग आधी सांगायचं.

आज 'अस्सल गावातलं जेवण'. गाव इस्त्री केलेलं. अंगणं अशी सारवलेली की पाऊल टाकायची लाज वाटावी. एक बाई उखळात काहीतरी कांडत होती आणि गात होती. मला भरून आलं. वाटलं, चला, एक तरी खरी गोष्ट दिसली. बस वळली तेव्हा मागे पाहिलं — मुसळ टाकून, कमरेवर हात ठेवून ती जांभई देत होती. उखळ रिकामं! भरून आलेलं तसंच खाली गेलं. वर आमच्या सहलीच्या वाटाड्या बाईंचं पालुपद: "अविस्मरणीय होतं ना?" त्यांना दुसरं विशेषणच शिकवलेलं नाही.

पण उखळावरून पाचवीचे गुरुजी आठवले. कविता वाचून झाली की पुस्तक मिटायला लावायचे आणि पाच प्रश्न विचारायचे. डोळ्यांना काय दिसलं? कानांना काय ऐकू आलं? नाकाला? जिभेला? हाताला? अर्थ सगळ्यांत शेवटी, कधी कधी तर नाहीच. "अर्थ संध्याकाळी घरी येईल तुमच्या," म्हणायचे. एकदा नदीची कविता होती. नाकाच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं, "ओल्या दप्तराचा वास." अख्खा वर्ग खिदळला. गुरुजी नाही हसले. म्हणाले, "हा एकटाच नदीत पडलाय. तुम्ही सगळे काठावर."

लग्नानंतर मी हिला ही दप्तराची गोष्ट सांगितली. मग कविता म्हणून दाखवायचो आणि हेच पाच प्रश्न विचारायचो. कणीक मळता मळता ही उत्तरं द्यायची. नाकाचं नेहमी पहिलं. नाकच तसं होतं हिचं! शेजारच्या घरात फोडणीला काय पडलं ते इथे बसून सांगायची. उभ्या आयुष्यात स्वयंपाक चाखून केला नाही. झाकण काढायचं, वाफ नाकाशी घ्यायची, "मीठ कमी आहे" म्हणायचं, चिमूट टाकायची. बरोब्बर!

आता हातही म्हातारे झाले. मागे ताप येऊन गेला, तेव्हापासून, गेले आठ महिने एक दिवस अळणी, एक दिवस खारट. मी बोलतो. बोलू नये, कळतं. पण बोलतो.

मंगळवार, ता. ५

किळस!

बाजारात नेलं. वाटाड्या बाईंनी एक काटेरी फळ फोडायला लावलं. देवा रे! मेलेला उंदीर, सडका कांदा आणि तुंबलेली मोरी एका पिशवीत बांधून उन्हात ठेवावी, तसं. आमच्यात एक फोटोवाले आहेत. ताटाचा फोटो काढून झाल्याशिवाय कुणाला घास घेऊ देत नाहीत. त्या माणसानं कॅमेरा सोडून नाक धरलं, यातच काय ते समजा.

मी दहा पावलं मागे. आणि ही? ते फळ दोन्ही हातांत धरून तोंडच खुपसलं त्यात! डोळे मिटून लांब श्वास. मग आणखी एक. मग आणखी. फळवाला टाळ्या पिटायला लागला — "आजी म्हणजे वाघीण आहे!" वर आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या वासानं दगडाला पाझर फुटेल म्हणा.

"कसा आहे हो वास?"

"मला काय विचारतेस? आत डोकावून तू आलीस!"

"तरी सांगा ना."

"मोरी! तुंबलेली!"

"आपल्या जुन्या घरातली तुंबायची, तशी?"

मी तोंड फिरवलं. फळाची किळस आली, आणि खोटं कशाला लिहू, हिच्या हावरेपणाचीही आली. चार लोकांत शोभतं का हे? सत्तरीला आलो.

बुधवार, ता. ६

सकाळपासून सहा वेळा जेवलो. बैलालासुद्धा रवंथ करायला वेळ देतात.

गुरुवार, ता. ७

मसाल्याची बाग. झाडं सुंदर, माणसं वैतागवाडी. प्रत्येक झाडाच्या गळ्यात पाटी, जणू हरवलेली पोरं. ही एकेक पान तोडते, चुरगाळते, नाकाशी नेते, टाकते. पुन्हा पुढचं. शेळी परवडली, ती निदान खाते तरी! माळी मागून हात जोडत येत होता — "आजी, झाडाला काहीतरी राहू द्या."

मग वाटाड्या बाईंना खेळ सुचला. डोळे मिटून पान ओळखायचं. फोटोवाल्यांनी दालचिनी पटकन ओळखली. त्यांना तर घरी चहासुद्धा करता येत नाही, बायकोनं तिथल्या तिथे सांगून टाकलं. मी म्हटलं, आता बघा गंमत, आता आमच्या नाकाची पाळी. हिनं डोळे मिटले. लवंगेचं पान नाकाशी धरलं. धरलं ते धरलंच. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कढीपत्ता."

सगळे हसले. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर लाज वाटली. लक्षच नाही हिचं! मन कुठे असतं कोण जाणे.

वर आणखी एक. उद्या प्रत्येक जोडीनं मुख्य आचाऱ्यासमोर घरचा एक पदार्थ करायचा. त्याची टोपी हातभर उंच, मिशी त्याच बेताची. तो शिकवणार नाही म्हणे, शिकणार. बाकी जोड्या एकमेकांकडे बघताहेत तोवर हिचा हात वर.

मी कानाशी लागलो, "अगं, हल्ली घरी धड होत नाही, इथे शोभा कशाला?"

"घरी नाही होत म्हणूनच. एकदा नीट करून बघायचंय. बटाट्याचा साधा रस्साच करते. तुम्ही शेजारी उभे राहाल ना? फक्त चाखून सांगायचं, मीठ किती झालं ते."

"तू कधी चाखलंस का आयुष्यात? आणि आता मी चाखू?"

"राहाल ना पण?"

"बघू," म्हटलं.

शुक्रवार, ता. ८

छी! लिहून टाकतो म्हणजे सुटेन.

स्वयंपाकघर कसलं, ऑपरेशनची खोली. सगळं पोलादी, चकचकीत. त्यात स्वतःचं तोंड आठ ठिकाणी दिसतं, आठही ठिकाणी आंबट. दारात फुलाफुलांचे एप्रन वाटत होते. एप्रन नसेल तर शेगडीजवळ प्रवेश नाही. माझ्यासाठी गुलाबी काढला, वर झालर! मी म्हटलं, झालर लावून मी स्वतःच्या लग्नातही उभा राहिलो नाही. नाही घालणार. मग बसा समोर खुर्च्यांवर, म्हणाले. बसलो.

ही एकटी शेगडीशी. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पुन्हा. एप्रन उचलून दाखवला — या ना, अशी मान केली. मी छताकडे बघितलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

तेल तापलं, लसूण पडला. थोड्या वेळानं जळका वास. मला वाटलं, करेल आच कमी. केली नाही. धूर! फोटोवाले खोकायला लागले, त्यांची बायको पदर तोंडाला लावून दाराकडे. आणि ही काळ्या ठिक्कर लसणात शांतपणे उलथनं फिरवतेय, चेहऱ्यावर हसू! मुख्य आचारी झेप घेऊन आला आणि कढई उचलली. हिच्याकडे टक लावून बघत राहिला. मग कपाटातून कसलीशी बाटली काढली, झाकण उघडून हिच्या नाकाखाली धरली. मी चौथ्या रांगेत होतो, तिथे माझे डोळे झोंबले. ही नुसती उभी. मग हिनं त्याच्याकडे पाहून हळूच मान हलवली. त्यानं टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, चालला तमाशा! पाहुण्यांची करमणूक.

पुन्हा फोडणी केली. या वेळी आचारी शेजारी उभा राहून आच बघत होता. शेवटी झाकण काढून हिनं वाफ घेतली, जुन्या सवयीनं. चिमूटभर मीठ टाकलं. थांबली. पळीत रस्सा घेऊन सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे धरला. एवढ्या लांबून! मी नको नको केलं. लोक बघत होते. तिनं आणखी मीठ टाकलं. मग आणखी.

वाट्या वाटल्या. फोटोवाल्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "वा काकू! काहीतरी वेगळंच." वाटाड्या बाईंना विशेषण सापडेना. पहिल्यांदाच!

ही थेट माझ्याकडे आली. "कसं लागतंय?"

आणि मी — भर सभेत, चमचा आपटून — "खारट! थुंकण्याच्या लायकीचं!"

ती रडली नाही, चिडली नाही. उलट अंगावरचं ओझं उतरल्यासारखी म्हणाली, "खारट. म्हणजे जास्तच झालं." मग भांडी घासणारी माणसं "राहू द्या, राहू द्या" म्हणत असताना स्वतःच्या हातानं कढई घासली.

मला माझीच शिसारी आली आहे. पण ते उद्या लिहीन.

शनिवार, ता. ९

काल रात्री हिनं सगळं सांगितलं. आठ महिने. त्या तापानंतर. वास नाही, चव नाही, काही नाही. शिंप्याकडे जाते सांगून एकटी डॉक्टरकडे जाऊन आली होती. ते म्हणाले, नवे नवे, उग्र वास घेत राहा, एखादा शिरला तर शिरला. म्हणून हा देश.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळंच छान म्हणायला लागला असता. मग मला कुठून कळलं असतं, कसं लागतंय ते?"

मागची पानं चाळली. साबण. मोरी. खारट. एवढंच दिलं मी तिला.

समोर पपई आहे. ही मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसली आहे. गुरुजींचे पाच प्रश्न आज मी स्वतःलाच विचारले, नाकापासून सुरुवात केली. म्हटलं, उन्हात वाळलेल्या गोधडीचा वास. आणि मागे थोडा, अगदी थोडा, दप्तराचा.

"ओल्या?" तिनं विचारलं.