अजून चार किलो

दादा,

आज डायलिसिसच्या नर्सनं वजनकाटा पाहून "ग्रँड!" म्हटलं, म्हणजे इथल्या बोलीत "झकास!" वजन उतरवायच्या, दर आठवड्याच्या इंजेक्शननं भूक मेली, बावीस किलो उतरले. आता किडनी बदलायला माझा लठ्ठपणा आड येत नाही.

"तू बारीक हो गं, माझी किडनी घे," असं तू सगळ्यांदेखत म्हणाला होतास. मी बारीक होईन, असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

आता दर रविवारी पुण्याहून विचारतोस, "उतरलं का?" मी "नाही" म्हटलं की तुझा आवाज कसा मोकळा होतो! लगेच श्रीखंडावर येतोस.

सकाळपासून तीनदा फोन उचलला आणि ठेवला. हे पत्रही पाठवणार नाही. रविवारी सांगेन, "अजून चार किलो उतरायचेत, दादा." मग तू श्रीखंडाचं बोल.

तुझी, अजून जाडीच,
गिरिजा
नावन, आयर्लंड