कप्प्यात पोचलेलं प्रथिन

प्रिय आई,

तुझ्या पायांना हात लावून लिहिते आहे. तब्येत ठणठणीत आहे, जेवते वेळेवर.

पेशीतलं एक प्रथिन आपल्या कप्प्यात न जाता पेशीबाहेर फेकलं जातं आणि त्याने लहान मुलं आजारी पडतात, असं मी सांगायचे ना? त्याच्यावरची पत्त्याची खूणच तुटकी होती. ती मी दुरुस्त केली, प्रथिन दिसावं म्हणून त्याला हिरवा रंग जोडला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो कप्पा हिरवागार चमकला. चार वर्षांनी! मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

गेल्या आठवड्यात त्यावरचा लेख छापून आला. त्यात माझं नाव नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या सरांकडे गेले, तर मान वर न करता म्हणाले, "तू नुसते प्रयोग केलेस. कल्पना माझी होती."

मीही बोलले, "सर, तुम्ही तर खूण प्रथिनाच्या भलत्याच टोकाला शोधत होतात."

आता माझ्या टेबलाशी दुसरी मुलगी बसते.

काळजी करू नकोस, दोन ठिकाणी नोकरीसाठी अर्ज केलेत. तुझे गुडघे कसे आहेत?

माझा लेख येणार म्हणून बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलं असेल. त्यांना म्हणावं, लेख आलाय, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त चष्मा लावून नाव शोधत बसू नका.

तुझी,
धाकटी