संगणक खोलीबाहेरच्या चपला

नांदगाव,
१६ डिसेंबर २००४

प्रिय तृप्ती,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र नेहमीप्रमाणे शाळेच्या पत्त्यावर आलं. शिपायाने ते भर वर्गात आणून दिलं आणि आठवीच्या मुलांनी "मॅडम, कोनाचं?" करून मला भंडावून सोडलं. येवल्याला तुझं बस्तान बसलं हे वाचून बरं वाटलं. सासूबाईंची शुगर कशी आहे? इथे थंडी चांगलीच पडली आहे, माझा खोकला हटत नाही, आणि यांना अजून काम मिळालेलं नाही. नाशिकजवळची ती अंबडची कंपनी बंद पडल्यापासून हे सकाळी पेपर वाचतात आणि मला डबा करून देतात. बरा करतात, खोटं कशाला बोलू.

तू विचारलंस, विज्ञान आणि तंत्रज्ञान एकत्र शिकवायचा तो उपक्रम चाललाय का. अगं, चाललाय म्हणजे काय, धावतोय. बी.एड.ला आपण दोघींनी विजेचा धडा नुसता फळ्यावर घेतला होता, आठवतं? प्लगला तिसरं भोक कशाला असतं ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. आता दर शनिवारी माझी आठवी पकडी आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते. आधी बोर्ड जोडायचा, मग तो का चालला ते पुस्तकात शोधायचं. ज्यांना 'विद्युतधारा' लिहिताना घाम फुटायचा, ती मुलं आता त्यावरून एकमेकांशी भांडतात.

दिवाळीआधी आम्ही वर्कशॉपमागे अर्थिंगचा खड्डा केला, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जातो. खणला मुलांनी, कोळसा आणि मीठ आणलं मुलांनी, मी आपली देखरेखीला. मग होल्डरमध्ये बल्ब लावून एक वायर प्लगच्या करंटच्या भोकात, दुसरी वरच्या मोठ्या भोकात. बल्ब पेटला तर अर्थिंग आहे, नाही पेटला तर नाही. एवढंच. पण माझ्या वर्गात वैष्णवी म्हणून एक बारकीशी मुलगी आहे, कांद्याच्या चाळीवर कामाला जाणाऱ्या बयाबाईची. तिने मला सोबत घेऊन अख्खी आळी तपासायला लावली. बल्ब पेटला नाही की त्या घरच्या बाईला बजावायची, "काकू, इस्तरीला हात लावायचा तर पायात चपला पाहिजे. फरशीवर अनवाणी नाय." बायका ऐकायच्या. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की घरी येऊन यांचं डोकं खायचे.

इथवर लिहून उठले होते. भांडी घासली, उद्याची भाजी निवडली. आता निवडायला काही उरलं नाही, तेव्हा लिहितेच.

शाळेत संगणक आले आहेत. नवी खोली, निळे पडदे, सगळं झकास. वायरिंग केलं संस्थेच्या अध्यक्षांच्या जावयाने. उद्घाटनाच्या आधीच्या शनिवारी वैष्णवीने तिथल्या प्लगला बल्ब लावून पाहिला. पेटला नाही. शेजारच्या प्लगला लावला, तिथेही नाही. मला म्हणाली, "मॅडम, इथं अर्थिंगच नाय. आपण खड्डा खणू ना, दुपारपर्यंत व्हतंय." मी आनंदाने आमच्या मुख्याध्यापकांकडे, आहेर सरांकडे गेले. वाटलं, मुलांना शाबासकी मिळेल. मूर्खच मी.

सरांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, काम पूर्ण झालं म्हणून मी सही केली आहे. आता तिथे खड्डा खणला तर जावईबापूंनी काय केलं म्हणून सांगू? आणि तुमची शिक्षणसेवकाची तीन वर्षं जूनमध्ये संपतात. कायम करायचं की नाही, ते अध्यक्ष ठरवतात." बोलता बोलता त्यांनाच पाणी प्यावं लागलं. माणूस वाईट नाही गं, तोही अडकलाय.

सोमवारी उद्घाटन झालं. संगणकांना धूळ लागू नये म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. तुमच्याकडेही असेल हा नियम. पाहुणे काढून आत गेले. माझी आठवी मात्र चपलांसकट दारात उभी. कुणी हलेना, सगळी माझ्याकडे बघत होती. आतून आहेर सरही बघत होते. मी म्हणाले, "काढा चपला," आणि आधी माझ्या काढल्या.

मुलांनी काढल्या, तृप्ती. बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

वैष्णवीला पाहुण्यांसमोर स्वतःचं नाव टाइप करून दाखवायचं होतं. संगणकाच्या पत्र्याला तिचा हात लागला आणि तिने तो चटकन मागे घेतला. पाहुणे हसून म्हणाले, "घाबरलीस का गं?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हां सर, घाबरले." ही पोरगी चिमट्याने विंचू उचलते. सगळे गेल्यावर मी त्याच पत्र्याला उलटा हात लावून पाहिला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

आज आठवीची चाचणी होती. प्लगला अर्थिंग नसेल तर काय कराल, हा प्रश्न मी उद्घाटनाच्या आधीच पेपरात घातला होता. वैष्णवी पेपर घेऊन टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, पुस्तकातलं लिहू का आपल्या शाळेतलं?"

टोमणा नव्हता गं तो. तिला खरंच मार्क हवे होते. उत्तरं दोन असतात आणि कुठलं चालेल ते बाईंना विचारून घ्यायचं, एवढं ती शिकली आहे. सहावीपासून अडीच वर्षं पकड हातात देऊन जे शिकवलं, ते मी एका सोमवारी पुसून टाकलं. मी म्हणाले, "पुस्तकातलं लिही." ती मान हलवून जागेवर गेली.

तेव्हापासून कोंडल्यासारखं झालंय. बोलावं तर जून डोळ्यांपुढे येतो. गप्प बसावं तर ती मुलं रोज अनवाणी त्या खोलीत. सोडून द्यावं म्हटलं तर या घरात पगार येतो तो माझाच. यांना यातलं काही सांगितलेलं नाही. माझ्याहून जास्त आशेने हेच जूनची वाट बघतायत.

उद्या तिसऱ्या तासाला आठवी संगणक खोलीत जाणार. आहेर सर तेव्हा दारात उभे असतात. त्यांच्यापुढे माझा आवाज फुटत नाही, तेव्हा भाषण वगैरे काही होणार नाही. मी फक्त चपला काढणार नाही. पायात ठेवून आत जाईन. मुलं काय ते समजतील. सरही समजतील.

फार भीती वाटते गं.

यापुढे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवू नकोस. घरच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
ललिता