आधी दादाचे कॉलेज

पो. नवापूर, ता. १४ एप्रिल १९३९

ती. शमुवेलदादा यास धाकट्या मार्थाचा सप्रेम सलाम. वि. वि.

दोन्ही माहितीपत्रकं एकाच टपालानं आली. बाबांनी नदीपलीकडे नवापूरच्या बाजारातून मीठ-मिरचीखाली दाबून आणली, म्हणून तुझ्या कॉलेजच्या पत्रकाला अजून मिरचीचा वास आहे. तू नंदुरबारच्या शाळेत मुलांना पाढे घोकवत बसलेला, तेव्हा दोन्ही मीच वाचली आणि बाबांना अन् सोमीवहिनीला समजावून सांगितली.

तुझं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज मुंबईकडे. एक वर्षाचं. फी, खानावळ, कसरतीचे कपडे, गाडीभाडं मिळून सव्वातीनशे. माझा नर्स-सुईणीचा कोर्स मिशनच्या दवाखान्यात, दीड वर्षाचा. फी नाही. अनामत, दोन पांढरी लुगडी, बूट आणि पुस्तकं, सगळे नव्वद. शेवटी तुला पस्तीस-चाळीस पगार, मला अठरा. बाबांपाशी लाकूडतोडीचे साठवलेले दोनशे आहेत आणि बैलजोडी. म्हणजे एकाचंच होईल.

उड्या मारायला शिकण्यासाठी सव्वातीनशे कशाला, असं वहिनी विचारते. मोहाच्या झाडावरची वानरं फुकट शिकवतील म्हणते! मी हसले, पण दादा, खरं सांगते, आपल्या म्हाताऱ्या सुईणीचे, गंगीबाईचे, हात आता थरथरतात आणि आपल्या डोंगराकडच्या गावांत शिकलेली सुईण एकही नाही. बाबा म्हणतात, शमुवेल लिहील तसं करू. तेव्हा काय ते लिही.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी मार्था


नंदुरबार, ता. २१ एप्रिल १९३९

चि. मार्था हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. तू हिशेब चोख मांडलास. मिशनच्या बाईंनी तुला सातवीपर्यंत शिकवले त्याचे चीज झाले. पण खर्च पाहिलास तसा पुढचा विचारही कर. हायस्कुलांतून आता कसरतीचा शिक्षक ठेवावा असे सरकारच्या मनात आहे. आज सर्टिफिकेट घेतलेले थोडे आहेत, म्हणून जागा मिळेल. दोन वर्षांनी गर्दी होईल. सुईणीचे काम कुठे पळून जात नाही. शिवाय तुझे लग्न झाल्यावर ते लोक तुला दवाखान्यात जाऊ देतील की नाही, कोणी सांगावे? आणि आपली माणसे गंगीबाईला सोडून तुझ्यासारख्या पोरीला बोलावतील, असे मला तरी वाटत नाही.

म्हणून यंदा मी जातो. रागावू नकोस. माझ्या पहिल्या पगारातून तुझी अनामत भरीन, हा माझा शब्द. सोमीला सांग की वानरांपेक्षा मी बरा शिकेन. तिची काळजी घे.

तुझ्या भल्याची इच्छा करणारा,
शमुवेल


नवापूर, ता. ६ जानेवारी १९४०

ती. दादास सलाम. वि. वि.

नाताळात तू चार दिवस येऊन गेलास, आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. तू शिकवून गेलेली कवायत वहिनी अंगणात करते. हात वर केले की पदर पडतो, मग दोघी हसतो. तुझे दंड भरलेले पाहून बाबा कौतुकानं गावभर सांगत फिरतात.

बैल विकले हे तुला माहीत आहेच. यंदा नांगराला शेजारच्या जेठ्याचे घेतले, आणि त्याच्या बदल्यात मी अन् वहिनीनं त्याचं भात कापून दिलं. माझी करंगळी विळ्यानं कापली, आता बरी आहे. दवाखान्याच्या बाईंचं उत्तर आलं. माझी जागा जूनपर्यंत राखून ठेवतील. मी पत्र तीनदा वाचलं. आता पाचच महिने.

मन लावून शीक. आमची आठवण ठेव.
मार्था


धुळे, ता. २८ मे १९४०

चि. मार्था हिस आशीर्वाद.

मी पास झालो, दुसऱ्या वर्गात. इथल्या एका हायस्कुलात जागाही मिळाली. पण लढाईमुळे ग्रँट कापली आहे, असे हेडमास्तर म्हणतात. जागा तात्पुरती आणि पगार पंचवीस. माझ्याबरोबर पास झालेल्या दोघांना तेवढेही मिळालेले नाही. सर्टिफिकेट पाहून हेडमास्तरांनी मला आधी विचारले की शाळेची घंटा वेळेवर देता येईल का.

आता जे लिहायचे ते लिहवत नाही. सोमीला दिवस गेल्याचे बाबांनी कळवले. अशा वेळी घरात बाईमाणूस हवे. बाबांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. तू यंदा गेलीस तर तिच्याजवळ कोण राहील? एक वर्ष थांब. जागा पुढच्या वर्षीही मिळेल. मी स्वतः बाईंना लिहितो. माझा शब्द मी विसरलेलो नाही.

तुझा अपराधी भाऊ,
शमुवेल


नवापूर, ता. १९ सप्टेंबर १९४०

दादा,

परवा, मंगळवारी, सोमीवहिनी गेली. मुलगी झाली आहे. ती जिवंत आहे.

तार करायला नवापूरला जाता आलं नाही, मधे रंगावली नदीला पूर आहे. हे पत्र जेठ्या पाणी उतरेल तेव्हा टाकेल.

सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी गंगीबाईनं मूल सोडवलं, वारही पडली. वहिनीनं पाणी मागितलं आणि मुलगा की मुलगी विचारलं. सगळं नीट झालं असं गंगीबाई म्हणाली. मग गोधडी ओली व्हायला लागली. गंगीबाईनं पोट कापडानं घट्ट बांधलं, ओव्याचा काढा पाजला. रक्त थांबेना. बाबा जेठ्याची गाडी जुंपवून नदीपर्यंत गेले, पण बैल पाण्यात उतरेनात. पलीकडे दवाखान्याची नर्स होती आणि अलीकडे आम्ही.

वहिनी शेवटपर्यंत शुद्धीत होती. तिनं मला विचारलं, मार्था, तुझी जूनची जागा माझ्यामुळे गेली ना? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, खोटं बोलू नको. त्यानंतर ती बोलली नाही. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

तू ये.
मार्था


धुळे, ता. २५ ऑक्टोबर १९४०

चि. मार्था हिस आशीर्वाद.

घरून परत येऊन आठ दिवस झाले. निघताना नवापूरच्या नर्सबाईंना भेटलो. अशा वेळी काय करायचे असते ते विचारायला नको होते, पण विचारले. त्यांनी आपला तळवा माझ्या पोटावर ठेवून दाखवले. बेंबीखाली दाबून चोळत राहायचे. आत गर्भाची पिशवी चेंडूसारखी कठीण झाली की रक्त थांबते. नेहमीच थांबते असे नाही, पण बहुतेकदा. मी विचारले, हे शिकायला किती दिवस लागतात? त्या म्हणाल्या, पहिल्या सहा महिन्यांत शिकवतात.

मार्था, मी वर्षभर माणसाच्या शरीराचे शिक्षण घेतले. हाडे, स्नायू, श्वास, सगळ्याची चित्रे काढली. बाईच्या पोटाचे पान आमच्या पुस्तकात नव्हते. रोज चाळीस मुलांना रांगेत उभे करून हात वर करायला सांगतो, आणि माझाच हात वर जात नाही.

तू जूनमध्ये जा. पैसे पाठवतो. मुलीचे काय करायचे ते मी पाहीन. मला क्षमा कर असे लिहिण्याचे धाडस होत नाही.

शमुवेल


नवापूर, ता. ११ मार्च १९४१

ती. दादास सलाम. वि. वि.

मुलीचं नाव मिशनच्या पाळकबाबांनी रूथ ठेवलं. शेळीचं दूध पचतं तिला, मांडीवर टेकून बसते. बाबांचं दिसणं जवळजवळ गेलं आहे, पण ती कुठे आहे ते त्यांना आवाजावरून कळतं.

तू पाठवलेले नव्वद पोहोचले. ते परत पाठवते आहे. दवाखान्याच्या बाईंनी लिहिलं की जागा आहे, पण वसतिगृहात मूल ठेवता येत नाही. तू सहा जणांबरोबर एका खोलीत राहतोस. तिथे तू तिला कसं सांभाळणार? नोकरी सोडीन असं लिहिलंस, तर मग खाणार काय? मी पुष्कळ विचार केला. माझं आता व्हायचं नाही. पुन्हा विचारू नकोस, विचारलंस की मला रात्रभर झोप येत नाही.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. गुरुवारी जेठ्याची बायको धनुबाई बाळंत झाली. गंगीबाई अंथरुणाला खिळली आहे, म्हणून मला बोलावलं. मला काही येत नाही असं मी सांगितलं, तरी जेठ्या दारातून हलेना. मूल झालं, आणि मग तसंच रक्त. तुझ्या पत्रात होतं तसं मी बेंबीखाली हात ठेवून चोळत राहिले. पेजेला कढ यायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल. हाताखाली कठीण लागलं आणि रक्त थांबलं. धनुबाई आज उठून बसली आहे. तिच्या सासूनं माझे पाय धरले. मी तिला दूर लोटलं आणि घरी आले.

इतकंच होतं, दादा. त्या मंगळवारी याच्या दहापट वेळ माझ्याजवळ होता. मी वहिनीच्या तळपायांना सुंठ चोळत बसले होते.

रूथला पाहायला उन्हाळ्यात ये. माया कमी करू नकोस.

तुझी मार्था