धुऱ्यातला टिंकू

प्रिय दीप्ती,

जय भीम. पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि मग आपण दोघंही हवापाण्याचंच बोलतो.

थकलोय गं. तुझ्या टिंकूने पार थकवलंय. पंधरा दिवसांसाठी म्हणून दिवाळीत ठेवून नागपूरला गेलीस, आता दुसरी दिवाळी तोंडावर आली. आठ किलोचं कुत्रं. अंग पांढरं, तोंड तांबूस, पाठीवर काळा डाग, कान पुढे दुमडलेले. दिसायला अगदी गुणी बाळ, पण स्वस्थ बसणं ठाऊक नाही. तुझी आई त्याला भात कालवून देते आणि तो तिचीच वांग्याची रोपं उकरतो.

आधी गावाने त्याला डोक्यावर घेतलं. धानाच्या धुऱ्यांतले उंदीर त्याने असे काढले की लोक मागून न्यायचे. मीही मिशीला पीळ देत हिंडलो. मग कळलं, उंदरासोबत हा धुराही काढतो, अख्खा बांध पोखरतो. मागच्या आठवड्यात, ऐन लोंब्या भरताना, शेजारच्या दुधरामच्या धानाच्या बांधीतलं सगळं पाणी नाल्याला गेलं. तो दारात येऊन म्हणाला, “भाऊ, तुमचा कुत्रा माह्या बांधीचं पाणी सोडून राहिला. काऊन बांधत नाही? रविवारपर्यंत याले पोरीकडे धाडा.” मी मान हलवली. दुसरं काय करणार? तेव्हापासून टिंकू साखळीला होता आणि भाताला तोंड लावत नव्हता.

परवा साखळी तोडून पळाला. शोधत गेलो तर धुऱ्याच्या बिळातून नुसती शेपटी बाहेर. वरून माती बसलेली. ना भुंकणं, ना कण्हणं. हे गुडघे घेऊन चिखलात बसलो, हाताने माती उपसली आणि शेपटीला धरून ओढला. नाक रक्ताळलेलं, तरी सुटल्याबरोबर गडी पुन्हा बिळाकडे! दोन शिव्या हासडल्या मी.

अर्जुनीच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. तो म्हणाला, हा फॉक्स टेरियर. इंग्लंडात कोल्ह्याला बिळातून हुसकायला ही जात तयार केली. रंग मुद्दाम पांढरा राखला, घाईत यालाच कोल्हा समजू नये म्हणून. मग नाकाला टाका घालत म्हणाला, “काका, हा आपणहून मागे फिरत नाही. अडकला तरी ओरडत नाही. ओढून काढणारं माणूस जवळ लागते.” परतताना एसटीत त्याला मांडीवर घेऊन बसलो आणि सगळा रस्ता मला तूच दिसत राहिलीस.

जूनमध्ये तू विचारलं होतंस, बाबा, काही दिवस येऊ का? मी म्हणालो, दम धर, लोक काय म्हणतील. तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मी समजलो, मिटलं. तुझ्या मनगटावरचा काळानिळा वळ दिवाळीतच पाहिला होता मी. टिंकूला नवऱ्याच्या घरातून का काढतेस, हेही विचारलं नाही. आई विचारणार होती, तिलाही गप्प केलं. चुकलो, बेटा. दुधरामला सांगून आलोय, टिंकू इथेच राहील, धुरे मी रोज बघेन. पुढच्या शनिवारी तुझी शाळा सुटेल तेव्हा मी फाटकाशी उभा असेन. घरी जाऊन सामान आणत बसू नकोस. तशीच ये.

तुझाच,
बाबा